छाट विडी आणि कामगाराचा शब्द : सिन्नरहून सर्वोच्च न्यायालयापर्यंत

सिन्नर म्हटले की इतिहासप्रेमींच्या डोळ्यांपुढे गोंदेश्वर उभा राहतो. सेउणदेशाच्या यादवांची आरंभीची राजधानी, पंचायतन मंदिर, भूमिज शिखर. ते सारे यथायोग्यच आहे. परंतु कायद्याच्या ग्रंथांत सिन्नरचे नाव पोचले ते शिखरामुळे नव्हे, विडीमुळे. आजचा धागा त्या विडीचा आहे. आणि त्या निमित्ताने एका प्रश्नाचा, जो ऐकायला साधा वाटतो : कामाच्या अटी बदलताना मालकाने कामगाराला विचारलेच पाहिजे, असे बंधन आपल्याकडे केव्हा आले, आणि ते कोणाच्या वाट्याला आले?

२७ ऑक्टोबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘शंकर बाळाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्याचा निकाल दिला. वाजे हे सिन्नरचे विडी कारखानदार. कामगार कायदा शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे नाव आजही भेटते. वादातली रक्कम क्षुल्लक होती, एका विडी वळणाऱ्या माणसाच्या मोजक्या दिवसांच्या रजेचा पगार. पण त्या रकमेच्या आड उभा असलेला प्रश्न असा होता, की मालकाच्या कारखान्यात बसून, मालकाच्याच तंबाखूची व पानांची विडी वळणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने ‘कामगार’ आहे की नाही.

या प्रश्नाचा सल्लामसलतीशी काय संबंध, असे वाचकांना वाटेल. संबंध मुळाशीच आहे. कामगार समिती, अटींतील बदलाची आगाऊ सूचना, नियमांच्या मसुद्यावर हरकती घेण्याचा हक्क, ही सगळी बंधने कायद्याने मालकावर घातली ती ‘कामगारा’च्या संदर्भात. जो कामगारच नाही, त्याला विचारण्याचे बंधन कोणावरच नाही. म्हणून आधी व्याख्या, मग विचारणा.

सिन्नरला या प्रश्नाची एक जुनी बाजूही आहे. ती विडीच्या आधीची, म्हणून प्रथम तिकडे वळू.

ऑगस्ट १९४१ मध्ये सिन्नर येथे महार, मांग व वेठिया यांची परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला उपस्थित होते. विषय होता वतनी जमिनींवर मुंबई सरकारने वाढवलेला आकार. आपण सहसा हा प्रसंग जमीन व कर यांच्या इतिहासात मांडतो. मला तो सेवेच्या अटींच्या इतिहासातही मांडावासा वाटतो. कारण महारकी हे वतन असले तरी ती चाकरीच होती. सरकारी टपाल पोचवणे, अंमलदार गावात आला की त्याच्या दिमतीला राहणे, मेलेल्या जनावरापासून मृत्यूच्या वार्तेपर्यंत गावाची कामे उरकणे. वेळ ठरलेली नाही, कामाची यादी ठरलेली नाही; एक माणूस आजारी पडला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. मोबदला म्हणून इनाम जमिनीचा तुकडा आणि गावकऱ्यांकडून बलुते. त्या तुकड्यावरची जुडी वाढवणे याचा अर्थ, चाकरी तेवढीच ठेवून मोबदला कमी करणे. आणि ते करणारा मालक दुसरा कोणी नव्हता, खुद्द सरकार होते. ज्यांच्या पोटावर त्याचा परिणाम होणार त्यांना विचारण्याची तरतूद १८७४ च्या वतन कायद्यात नव्हती.

आंबेडकरांनी हा धागा फार आधी हाती धरला होता. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. कामे निश्चित करा, मोबदला निश्चित करा, ज्याला वतनातून बाहेर पडायचे त्याला पडू द्या, हा त्याचा आशय. विरोध इतका झाला की पुढील वर्षी ते मागे घ्यावे लागले. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा मुंबई राज्यात आला तो १९५८ साली. सिन्नरची परिषद या तीस वर्षांच्या साधारण मध्यावर येते. महारांना वतनदार म्हणायचे, राबवायचे चाकरासारखे, आणि अटी बदलताना मात्र दोन्हींपैकी एकाही नात्याने विचारायचे नाही, हा तो पेच.

आता गिरणीकडे. मुंबई इलाख्यात कामगाराला विचारण्याची कल्पना कायद्यात शिरली ती सूतगिरण्यांच्या संपांमुळे. १९२८ चा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप हा केवळ पगाराचा नव्हता. एका कामगाराकडे दोन साच्यांऐवजी अधिक साचे सोपवण्याची योजना, म्हणजे त्या काळच्या भाषेत ‘रॅशनलायझेशन’, हे त्याचे एक मोठे कारण. गिरणीमालक म्हणत, यंत्र कसे चालवायचे हा आमचा प्रश्न. कामगार म्हणत, यंत्रापाशी उभे आम्ही राहतो.

१९२९ साली आलेल्या शाही कामगार आयोगाचे अध्यक्ष होते जे. एच. व्हिटली. हे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, ब्रिटनमध्ये मालक आणि कामगार यांच्या संयुक्त परिषदा असाव्यात अशी शिफारस ज्या समितीने केली तिचे प्रमुख हेच व्हिटली. त्या परिषदांना पुढे ‘व्हिटली कौन्सिल’ असेच नाव पडले. म्हणजे हिंदुस्थानात आला तो माणूस या विषयाचा जनकच म्हणायचा. आयोगावर आपले ना. म. जोशी हेही सदस्य होते. १९३१ च्या अहवालात कारखान्यांत कामगार समित्या नेमण्याची शिफारस आहे. आणि त्याच अहवालात, अगदी वेगळ्या प्रकरणात, विडीच्या कोंदट खोल्यांत राबणाऱ्या मुलांची दशाही नोंदलेली आहे. दोन्ही गोष्टी एकाच ग्रंथात आहेत, पण एकमेकींना भेटत नाहीत. समितीची शिफारस मोठ्या कारखान्यासाठी. विडीच्या खोलीसाठी फक्त करुणा आणि तपासणी. हा दुरावा पुढे पन्नास वर्षे टिकला, हे ध्यानात ठेवावे.

१९३४ च्या मुंबई कायद्याने गिरणी कामगारांसाठी सरकारी ‘लेबर ऑफिसर’ आणला. त्याहून महत्त्वाचा १९३८ चा मुंबई औद्योगिक विवाद कायदा. बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने तो आणला. त्यात एक नवी गोष्ट होती : मालकाला कामाच्या ठरावीक अटींत बदल करायचा असेल तर त्याने आधी सूचना द्यायची, मग वाटाघाटी, मग समेटाची कार्यवाही, आणि ती संपेपर्यंत बदल करायचा नाही. आजच्या ‘बदलाच्या सूचने’चे हे मूळ. पण त्याच कायद्याने कामगारांच्याही हातापायांत बेडी घातली. ही सारी कार्यवाही संपेपर्यंतचा संप बेकायदेशीर ठरला. आंबेडकरांनी विधानसभेत या विधेयकाची चिरफाड केली. संप करता न येणे म्हणजे मनाविरुद्ध राबणे, आणि मनाविरुद्ध राबणे ही गुलामगिरीच, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र येऊन मुंबईत एक दिवसाचा संप झाला. कायदा मंजूर झालाच.

तरुण वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. ‘मालकाने विचारले पाहिजे’ ही तरतूद आपल्या कायद्यात आली तेव्हा तिच्या सोबतीला ‘तोवर कामगाराने गप्प बसले पाहिजे’ ही तरतूदही आली. दोन्ही एकाच दिवशी, एकाच कायद्यात. आंबेडकरांना पहिली नको होती असे नव्हे. दुसरीची किंमत त्यांना फार वाटली. माझ्या मते त्यांचे हिशेब बरोबर होते, पण याबाबत मतभेदाला जागा आहे, कारण सूचनेचे बंधन नसते तर मालकांनी साचे वाढवले असते आणि संप मोडून काढले असते, असेही म्हणता येते.

पुढची काही वर्षे या विषयात फार घाईची होती. आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. सरकार, मालक आणि कामगार यांना एका मेजाभोवती बसवणारी त्रिपक्षीय परिषद या काळात रुळली. एप्रिल १९४६ मध्ये औद्योगिक नोकरी (स्थायी आदेश) कायदा झाला. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाने पाळ्या, हजेरी, रजा, शिस्त, बडतर्फी यांचे नियम लेखी करायचे. त्यांचा मसुदा अधिकाऱ्याकडे द्यायचा. अधिकाऱ्याने तो संघटनेकडे, संघटना नसेल तर कामगारांकडे पाठवायचा. त्यांनी पंधरा दिवसांत हरकती घ्यायच्या. मग सुनावणी आणि प्रमाणपत्र. म्हणजे नियम मालकाचा, पण तो कामगाराच्या डोळ्यांखालून गेल्याखेरीज लागू नाही. एक उणीव मात्र राहिली. नियम न्याय्य आहे की नाही हे पाहण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला नव्हता. तो मिळाला १९५६ साली.

१९४७ चा औद्योगिक विवाद कायदा हा आणखी पुढचा टप्पा. त्याच्या कलम ३ ने शंभर किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत ‘वर्क्स कमिटी’ स्थापण्याचा आदेश सरकार देऊ शकते असे ठरवले. मालकाचे प्रतिनिधी कामगारांच्या प्रतिनिधींहून अधिक असता कामा नयेत, आणि कामगारांचे प्रतिनिधी त्यांच्या संघटनेशी विचारविनिमय करून निवडावेत. तिचे काम काय, तर सलोखा राखणे आणि समान हिताच्या बाबींवर मत देणे. मत देणे! निर्णय नव्हे. १९५६ च्या दुरुस्तीने कलम ९ क आले : पगार, कामाचे तास, रजा, पाळ्या, रॅशनलायझेशन, कामगारसंख्या अशा बाबींत बदल करायचा तर मालकाने एकवीस दिवसांची सूचना द्यावी.

येथे शब्दांचा नेमकेपणा राखायला हवा, कारण समाजमाध्यमांवर या बाबतीत बराच घोळ दिसतो. कळवणे एक, विचारणे दुसरे, आणि मान्यता घेणे तिसरे. ९ क हे कळवण्याचे बंधन आहे; एकवीस दिवसांत कामगारांनी वाद उपस्थित केला तर समेट अधिकारी मध्ये पडतो, एवढेच. वर्क्स कमिटी हे विचारण्याचे बंधन आहे. मान्यतेचे बंधन सामान्य बदलांसाठी भारतीय कायद्याने मालकावर घातलेले नाही. नॉर्थ ब्रुक ज्यूट कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली एक महत्त्वाचा फरक स्पष्ट केला. त्या गिरणीच्या मालकांनी रॅशनलायझेशनची योजना वर्क्स कमिटीपुढे मांडून तिची संमती मिळवली होती. न्यायालयाने सांगितले की रोजचे खटके मिटवणे हे कमिटीचे काम. सेवेच्या अटींतील खऱ्याखुऱ्या बदलांना होकार देण्याचा तिला अधिकार नाही, ती संघटनेची जागा घेऊ शकत नाही. सोयीच्या चार माणसांची समिती करून ‘आम्ही कामगारांना विचारले’ म्हणण्याची वाट त्यामुळे बंद झाली. निदान कागदावर.

आता पुन्हा सिन्नर.

विडीचा कारखाना डोळ्यांपुढे आणा. यंत्र नाही, भोंगा नाही. लांबट खोली, भिंतीला टेकून रांगेने बसलेली माणसे, प्रत्येकाच्या मांडीवर सूप. भिजवून मऊ केलेले पान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापायचे, चिमूटभर तंबाखू पसरायचा, बोटांच्या एका लयीत वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. दिवस संपताना विड्या मोजून द्यायच्या. मालकाचा माणूस त्या पाहणार, आणि ज्या त्याला पसंत नाहीत त्या बाजूला काढणार. या बाजूला काढलेल्या मालाला धंद्यात ‘छाट’ म्हणतात. छाट विडीची मजुरी नाही. विडी कामगारांच्या सगळ्या भांडणांच्या मुळाशी हा एक शब्द आहे.

खटल्यातल्या कामगाराची परिस्थिती निकालपत्रात अशी येते. त्याचा मालकाशी नोकरीचा करार नव्हता. येण्याजाण्याची वेळ बांधलेली नव्हती. केव्हाही यावे, केव्हाही उठून जावे. दहा दिवसांपर्यंत न सांगता गैरहजर राहता येई, त्याहून अधिक राहायचे तर कळवावे लागे. परवानगीने तंबाखू घरी नेऊन विड्या वळता येत. दिवसाला किमान अमुक इतक्या वळल्याच पाहिजेत असे बंधन नव्हते. वळताना कोणी देखरेख करीत नसे. संध्याकाळी माल द्यायचा, कमी दर्जाचा तो नाकारला जाई, उरलेल्याचे पैसे मिळत.

१९४८ च्या कारखाने कायद्याखाली अशा माणसाला रजेचा पगार द्यावा लागतो का? त्रिसदस्य पीठाने बहुमताने नाही म्हटले. जो वाटेल तेव्हा येतो, वाटेल तेव्हा जातो, त्याच्यावर मालकाचे नियंत्रण आहे असे कसे म्हणावे? तयार माल नाकारणे म्हणजे काम कसे करावे यावर देखरेख ठेवणे नव्हे. शिवाय ज्याला मुळातच कोणत्याही दिवशी न येण्याची मुभा आहे त्याला ‘रजा’ देण्याला अर्थ काय, आणि पूर्ण वेळेची कमाई ज्याच्या बाबतीत सांगताच येत नाही त्याच्या रजेच्या पगाराचा हिशेब कसा मांडायचा? तिसऱ्या न्यायमूर्तींचे मत वेगळे पडले. त्यांच्या मते हा माणूस कामगारच होता.

या निकालाला एक विलक्षण शेजारी आहे. अवघ्या वर्षभरापूर्वी, डिसेंबर १९६० मध्ये, याच न्यायालयाने नागपूरच्या बिरधीचंद शर्मा यांच्या विडी कारखान्याचा खटला निकाली काढला होता. वादही तोच, रजेच्या पगाराचा. तेथे न्या. वांछू यांनी विडी वळणारे कामगार आहेत असा निर्णय दिला. फरक काय? नागपुरात काम कारखान्यातच बसून करावे लागे आणि दुपारी बारानंतर आलेल्याला त्या दिवशी काम मिळत नसे. शिवाय तेथे न्यायालयाने असेही म्हटले, की विडीसारख्या साध्या कामात सतत देखरेखीची गरजच नसते. संध्याकाळी माल नाकारण्याचा हक्क हेच पुरेसे नियंत्रण. म्हणजे नागपूरची छाट विडी मालकाचे नियंत्रण सिद्ध करीत होती आणि सिन्नरची छाट विडी तसे करीत नव्हती.

दोन्ही निकाल आपापल्या तथ्यांवर उभे आहेत, हे मान्य. पण विडी कारखानदाराने या दोन निकालांतून काय शिकायचे? वेळ बांधू नका. हजेरी घेऊ नका. घरी न्यायला परवानगी द्या. जितकी मोकळीक द्याल तितके बंधन कमी. कामगाराला जी मुभा वाटे तीच त्याला कायद्याच्या बाहेर नेत होती. वतनदार महाराच्या वाट्याला ठरलेली वेळ नव्हती म्हणून तो चोवीस तासांचा चाकर झाला. सिन्नरच्या विडीवाल्याला ठरलेली वेळ नव्हती म्हणून तो कोणाचाच चाकर राहिला नाही.

थोडे विषयांतर. भारतीय कायद्याच्या इतिहासात विडीइतकी लहान वस्तू इतक्या वेळा सर्वोच्च न्यायालयात गेलेली दुसरी सापडणे कठीण. राज्यघटना अमलात आल्याच्या पहिल्याच वर्षी, १९५० मध्ये, सागर जिल्ह्यातल्या विडी कारखानदारांचा खटला तेथे पोचला. शेतीच्या हंगामात विडी वळण्यावर मध्य प्रदेशात बंदी होती, आणि व्यवसायस्वातंत्र्याला घातलेली ती मर्यादा अवाजवी म्हणून रद्द झाली. ‘चिंतामणराव’ हे त्या खटल्याचे नाव घटनेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते.

सिन्नरच्या निकालानंतर पाच वर्षांनी, १९६६ च्या अखेरीस, संसदेने विडी व सिगार कामगार (नोकरीच्या अटी) कायदा केला. त्यातली ‘कर्मचारी’ या शब्दाची व्याख्या वाचताना असे वाटते की मसुदा लिहिणाऱ्याच्या मेजावर वाजे खटल्याचे निकालपत्र उघडे असावे. प्रत्यक्ष किंवा मध्यस्थामार्फत कामाला लावलेला, मजुरीवर असो वा नसो. कच्चा माल घरी नेऊन विडी वळणारा. आणि नोकरीत नसलेला, पण मालकाच्या किंवा कंत्राटदाराच्या परवानगीने काम करणारा सुद्धा. ‘परवानगीने’ हा शब्द पाहा. १९६१ मध्ये जी परवानगी कामगाराच्या विरुद्ध गेली, तीच १९६६ मध्ये त्याला कायद्याच्या आत घेऊन आली. रजा आली, मातृत्वलाभ आला, सहा महिने काम केलेल्याला एक महिन्याच्या नोटिशीवाचून व वाजवी कारणावाचून काढता येणार नाही हेही आले.

आणि विचारणाही आली. पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या विडीच्या औद्योगिक जागेला १९४६ चा स्थायी आदेश कायदा लागू झाला. म्हणजे नियमांचा मसुदा आता विडीवाल्यांपुढे ठेवणे भाग. औद्योगिक विवाद कायदाही लागू झाला, त्याबरोबर कलम ९ क ची सूचना. छाटीचा वाद, पाने व तंबाखू किती आणि कसा दिला याचा वाद, हे झटपट निकाली काढण्यासाठी कलम ३९ मध्ये स्वतंत्र व्यवस्था झाली. मालकांनी या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. १९७४ साली मंगलोर गणेश विडी वर्क्सच्या खटल्यात कायदा वैध ठरला.

पण कायदा घडवणाऱ्यांनी एक दार किलकिले ठेवले होते. ‘औद्योगिक जागा’ या शब्दांच्या व्याख्येतून खाजगी राहते घर वगळलेले होते. घरी वळणारी बाई ‘कर्मचारी’ आहे, पण तिचे घर ‘औद्योगिक जागा’ नाही. मग स्थायी आदेशासाठी लागणारी पन्नास माणसे मोजताना तिला कोठे धरायचे? समिती नेमायची तर ती कोणत्या छपराखाली बसणार? व्हायचे तेच झाले. या कायद्यानंतर देशभर विडीचे काम कारखान्याच्या खोलीतून घराच्या ओट्यावर सरकत गेले. मधे कंत्राटदार आला. वळणारे हात पुरुषांचे होते ते बहुतांशी बायकांचे झाले. मालकाची सही तिने कधी पाहिली नाही. तिच्यापुढे येतो तो पाने-तंबाखू तोलून देणारा आणि संध्याकाळी छाट काढणारा माणूस.

महाराष्ट्रापुरती आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९७१ साली आपल्या राज्याने कामगार संघटनांना मान्यता देण्याचा व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याचा कायदा केला. तो सप्टेंबर १९७५ पासून अमलात आला. देशात त्या वेळी असा कायदा क्वचितच होता. पन्नास किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत सहा महिने सलग तीस टक्के सदस्यत्व राखणारी संघटना औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मिळवू शकते, आणि अशा मान्यताप्राप्त संघटनेशी सद्भावनेने वाटाघाटी करण्यास मालकाने नकार देणे ही अनुचित प्रथा ठरते. कळवणे आणि विचारणे यांच्या पुढची ही पायरी : समोर बसून बोलावे लागणे. केंद्रीय औद्योगिक विवाद कायद्यात अनुचित प्रथांची यादी आली ती १९८२ च्या दुरुस्तीने, महाराष्ट्रानंतर दहा वर्षांहून अधिक काळाने.

हा कायदा सिन्नरच्या उपयोगी पडला असेल तर तो विडीपेक्षा नव्या सिन्नरला. मुसळगावची सहकारी औद्योगिक वसाहत आणि माळेगावची एमआयडीसी उभी राहिली, तशी तालुक्यातली पोरे विडीच्या सुपाकडून यंत्राकडे गेली. तेथे भोंगा आहे, हजेरीपट आहे, आणि म्हणून ‘कामगार कोण’ हा प्रश्न सहसा पडत नाही. पडतो तो कंत्राटी कामगारांच्या बाबतीत, पण तो स्वतंत्र धाग्याचा विषय.

घरी विडी वळणाऱ्यांचा प्रश्न न्यायालयाने पुन्हा हाती घेतला तो १९८५ मध्ये, पी. एम. पटेल आणि सन्स यांच्या खटल्यात. वाद भविष्य निर्वाह निधीचा होता. मालकांचे म्हणणे जुनेच : ही माणसे आमच्या देखरेखीखाली नाहीत, आपापल्या घरी आहेत. न्यायालयाने ते फेटाळले. काम इतके साधे आहे की ते होत असताना उभे राहून पाहण्याची गरज नाही. माल नाकारण्याचा हक्क मालकाकडे आहे, तेच नियंत्रण. नागपूरच्या निकालातले तत्त्व आता ओट्यापर्यंत पोचले, आणि सिन्नरच्या खटल्यात जे न्यायमूर्ती एकटे पडले होते ते चोवीस वर्षांनी एकटे उरले नाहीत.

सध्याची स्थिती थोडक्यात. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. शंभर कामगारांवर वर्क्स कमिटी, एकवीस दिवसांची बदलाची सूचना, या जुन्या गोष्टी तीत कायम आहेत. वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती आणि तीत स्त्रियांना प्रमाणशीर स्थान, तसेच एकावन्न टक्के पाठिंबा असलेल्या संघटनेला वाटाघाटीची एकमेव संघटना म्हणून मान्यता, या गोष्टी देशपातळीवर ठळकपणे आल्या. स्थायी आदेशाची मर्यादा मात्र तीनशे कामगारांवर गेली. महाराष्ट्रात ती पन्नास होती. १९६६ चा विडी कायदा दुसऱ्या संहितेत, व्यावसायिक सुरक्षिततेच्या संहितेत, विलीन झाला आहे, आणि तीत विडी-सिगारसाठी मोजकी कलमे उरली आहेत. त्यांतले एक कलम कारखान्याबाहेर काम करण्याच्या परवानगीबद्दल आहे.